कानाची शिलाई

गेल्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी आमच्या घराच्या पुढच्या भिंतीला चार भोकं पडली. संध्याकाळी पतसंस्थेतून घरी आले, तर मंडळाची पोरं ड्रिल घेऊन मांडवाचे हूक बसवत होती आणि माझे वडील, अण्णा, दारात खुर्ची टाकून ते सगळं कौतुकानं बघत होते.

"कुणाला विचारून रे?"

"अण्णांनाच विचारलं की ओ ताई. हो म्हणाले."

मी अण्णांकडं वळले. "तुम्ही हो म्हणालात?"

"हो," अण्णा म्हणाले. तोही मी काय विचारलं ते कळलं नव्हतं म्हणून. रात्री पाटीवर लिहून विचारलं तेव्हा उलगडा झाला. पोरं काय म्हणाली ते त्यांना समजलं नव्हतं. ड्रिल सुरू झालं तेव्हा त्यांना वाटलं, मीच परवानगी दिली असेल.

ज्यांच्या घरात असं कमी ऐकू येणारं माणूस आहे त्यांना हा 'हो' चांगला ओळखीचा असतो. दोनदा 'आं?' करून झालेलं असतं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, मग समोरचा चेहरा वाचून माणूस 'हां हां, बरोबर' म्हणतो आणि सुटतो. चेहरा हसरा असेल तर हसायचं, पडलेला असेल तर च्च् करायचं. अण्णांनी या एका शब्दावर आठ-दहा वर्षं काढली. सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत भाजीवालीचे साठ त्यांना सात ऐकू यायचे, सातचं लग्न आठचं वाटायचं. आपल्या भाषेनं हे तीन आकडे इतके सारखे का ठेवलेत कोण जाणे.

अण्णा आता 78 वर्षांचे आहेत. एकोणिसाव्या वर्षी ते गिरणीत लागले. सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877 साली सुरू झाली आणि पुढं शंभर वर्षं हे गाव भोंग्यावर उठलं, भोंग्यावर जेवलं. अण्णांची गिरणी बंद पडली, तेव्हा ते पूर्व भागातल्या एका कारखान्यात जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे मिस्त्री म्हणून, गेले. पूर्व भागात 'कारखाना' म्हणजे साखरेचा नव्हे, मागांचा. वर पत्रा, भिंतीला भिंत लागून घरं, आत एका ओळीत माग.

लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची. गल्लीच्या तोंडाशी आवाज कानाला लागायचा, कारखान्याच्या दारात तो छातीला लागायचा. मागाचा धोटा एका टोकावरून सुटतो, दुसऱ्या टोकाला आपटतो, परत फिरतो. मिनिटाला शंभरावर वेळा. एकच माग असता तर त्याला ताल म्हणता आला असता. तिथं चोवीस होते आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ नव्हता. आत गेल्यावर बोलणं नावाची गोष्टच संपायची. अण्णा मला बघून अंगठा तोंडाकडं नेत (चहा आणलाय का), मग दोन बोटं (दोघांचा आणलाय का). पोटावरून हात फिरवला की शेठ आलेत, करंगळी म्हणजे करंगळीच, आणि हवेत धागा तोडल्यासारखी चिमूट म्हणजे अमक्या मागावर ताणा तुटलाय. पगाराच्या दिवशी अंगठा-तर्जनी चोळली जायची आणि सगळा कारखाना हसायचा. हसण्याचाही आवाज यायचा नाही, नुसते दात दिसायचे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर बायका अशाच ओठांच्या हालचालींवरून बोलायच्या, त्याला 'मी-मॉइंग' म्हणत, हे फार पुढं वाचलं. तेव्हा मला वाटायचं, ही आमच्या अण्णांच्या कारखान्याचीच भाषा.

अशा मागाच्या कारखान्यात आवाज साधारण 100 डेसिबलच्या घरात असतो. 85 डेसिबलला आठ तास हे कानाला झेपेल असं माप धरलं जातं. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशोब असा की पुढं दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा करायचा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक. या हिशोबानं 100 डेसिबलला पंधरा मिनिटं मिळतात. अण्णांची पाळी बारा तासांची होती. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यातही आवाजानं येणारं बहिरेपण हा सरकारला कळवायचा आजार म्हणून नोंदलेला होता, पण आठ-दहा माणसांच्या शेडमध्ये तो कायदा पोचायलाच हवा ना. अण्णा आणि त्यांचे सोबती कानात कापसाचा बोळा घालायचे. कापूस गावभर, फुकट. तो आवाज फारसा अडवत नाही हे कुणी सांगितलं नाही, आणि बोळा असला की कान सांभाळल्यासारखं वाटायचं.

कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या पंधरा-सोळा हजार रोमपेशी असतात. एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. आवाजानं मरणाऱ्या पेशी आधी 4000 हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे उंच पट्टीच्या. त्यामुळं अण्णांना भोंगा शेवटपर्यंत ऐकू आला, ट्रकचा हॉर्न आला, आईची हाक आली. गेले ते स, श, ख, थ, ठ. आपल्या बोलण्यात स्वरांना जोर असतो, पण अर्थ व्यंजनं सांभाळतात, आणि ती उंच आणि हलकी असतात. 'साठ'मधला 'आ' कानात पडतो, बाकीचं हवेत राहतं. म्हणून असा माणूस चिडून सांगतो ते शब्दशः खरं असतं: "ओरडायलीस कशाला? ऐकू येतंय. कळंना झालंय."

आमच्या घरात आजवर कानाची चार मशीनं झाली. पहिलं आलं एका शिबिरातून. ही शिबिरं होतात ती चांगल्या हेतूनं: केंद्र सरकारची साहित्यसाधनं वाटायची एडिप योजना 1981 पासून आहे, गरीब ज्येष्ठांसाठी 2017 पासून वयोश्री आहे. आमच्या शिबिरात मात्र मांडव होता, सत्कार होते, फोटो होते, फक्त कान तपासायला कुणी नव्हतं. रांगेत नाव पुकारलं, डबी मिळाली. खिशात ठेवायची, वायर कानापर्यंत. सदरा डबीला घासला की अण्णांच्या कानात कापड फाटायचं. दोन दिवसांत ती डबी कपाटात, किल्ल्यांच्या स्टीलच्या डब्यात गेली. सोलापुरातल्या किती घरांत अशा डब्या असतील याचा अंदाज मला आमच्या पतसंस्थेत आला. काउंटरवर विषय काढला की म्हातारी माणसं सांगतात, "आहे की मशीन. घरात ठेवलंय."

दुसरं मशीन पुण्याहून आलं, धाकट्या भावाकडून. म्हणजे तो पुण्यात बसून मोबाइलवर बोट लावणार आणि कुरिअरवाला आमचं दार वाजवणार. किंमत 1,799. रंग अंगाचा, म्हणजे कुठल्या तरी गोऱ्या माणसाच्या अंगाचा. कानात घातलं की शिट्टी. कान आणि मशीन यांच्यामध्ये फट राहिली की बाहेर निसटलेला आवाज माइक पुन्हा पकडतो, पुन्हा वाढवतो, त्याची ती शिट्टी. अण्णांना ती ऐकू यायची नाही, आम्हाला यायची. शिवाय ते यंत्र सगळंच सारखं वाढवत होतं: पंखा, मिक्सर, रिक्षा आणि त्यांच्या खाली कुठंतरी मी. ज्या कानाला वरच्या पट्टीत मदत हवी आणि खालच्या पट्टीत काहीच नको, त्याच्यावर सगळ्या पट्ट्या एकदम ओतल्या. चौथ्या दिवशी अण्णा म्हणाले, "बहिरा होतो तेच बरं होतं. निदान शांत होतं."

तिसरं मशीन आलंच नाही, फक्त त्याचं कोटेशन आलं. एका चकचकीत दुकानात आम्हाला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि जोडीचे 1,85,000 सांगितले. हप्ते होतील म्हणाले. मी गप्प बसलेली बघून तिथला मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, कान गेले की मेंदू जातो. पुढं विसरायला लागतील. मग तुम्हीच म्हणाल, तेव्हा घेतलं असतं तर." हे वाक्य त्यानं पाठ केलेलं होतं. घरी येऊन मी शोधलं. 2023 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अमेरिकेतला एक अभ्यास आहे, 70 ते 84 वयाच्या 977 जणांचा, तीन वर्षांचा. सगळे मिळून बघितले तर मशीन लावणाऱ्यांत आणि न लावणाऱ्यांत बुद्धीच्या घसरणीचा फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासूनच धोका जास्त होता त्या गटात मात्र घसरण 48 टक्क्यांनी कमी होती. म्हणजे गोष्ट खरी आहे, पण त्या सोफ्यावर सांगितली तशी नाही. भीती दाखवून माल विकणाऱ्याचा मला राग येतो, मग तो माल चांगला का असेना.

एवढे पैसे कशाचे, हा प्रश्न डोक्यातून जाईना. मी हिशोबनीस बाई. किमतीच्या मागं गेले. जगातली बहुतेक श्रवणयंत्रं पाच कंपन्यांच्या हातात आहेत. त्यातली डेन्मार्कची एक 1904 ची, हान्स डेमांट नावाच्या माणसानं सुरू केलेली. त्याच्या बायकोला कमी ऐकू यायचं. धंदा सुरू झाला तो घरातल्या अशाच एका 'आं?'नं, हे मला आवडलं. पुढं 1952 च्या अखेरीस ट्रान्झिस्टर सामान्य गिऱ्हाइकाच्या हातात आला तो श्रवणयंत्रातून. ट्रान्झिस्टर रेडिओ दोन वर्षांनी आला. 1990 च्या दशकात मशीनं डिजिटल झाली. एवढ्या काळात बाकी सगळं इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त होत गेलं. घड्याळ झालं, कॅल्क्युलेटर झाला. कानाचं मशीन झालं नाही. अमेरिकेतच 2015 साली एका मशीनची सरासरी किंमत 2,300 डॉलरच्या वर होती. कारण मशीनच्या पोटात तपासणी, बसवणं, पुढच्या चार-पाच वर्षांच्या खेपा, दुकानाचं भाडं आणि सोफा, सगळं एकाच आकड्यात शिवलेलं असायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, आपण यंत्र विकत घेतोय.

ही शिवण आता उसवायला लागली आहे. अमेरिकेनं 2017 मध्ये कायदा केला आणि 17 ऑक्टोबर 2022 पासून सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या प्रौढांना चिठ्ठीशिवाय, दुकानातून थेट मशीन घेता येऊ लागलं. सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं अॅपलच्या एअरपॉड्स प्रो 2 या इअरफोनमधल्या सॉफ्टवेअरला श्रवणयंत्र म्हणून मान्यता दिली. त्याच्याही आधी श्रवणयंत्रांच्या स्विस कंपनीनं, सोनोव्हानं, सेनहायझरचा हेडफोनचा धंदा विकत घेतला होता. गाणी ऐकवणारे कान बरे करायला निघाले आणि कानवाले गाणी ऐकवायला.

भावानं मला बेंगळुरूच्या पोरांची गोष्ट पाठवली. एअरपॉड्समधली ती सोय तेव्हा भारतात बंद होती. तर या पोरांनी आपल्या आज्यांसाठी जाळी आणि अॅल्युमिनियम फॉइलचा एक पिंजरा केला, बाहेरची कुठलीच लहर आत येणार नाही असा, आणि आतल्या उपकरणाला पटवून दिलं की आपण अमेरिकेत आहोत. मी ती गोष्ट अण्णांना लिहून दाखवली. ते जॉबर माणूस. बिघडलेला माग आणि अडवणारा शेठ दोघांना पटवायची त्यांना सवय. त्यांनी विचारलं, "मग आजीला ऐकू आलं का?" आलं म्हटलं. "मग झालं तर."

"ताई, बघ, आता वीस-पंचवीस हजारांत होतंय," भाऊ म्हणाला. मी त्याला म्हटलं, तिकडं कायद्यानं दार उघडलं म्हणून आनंद आहे. इथं दार होतंच कुठं? सोलापुरात कानाचं मशीन इलेक्ट्रिकच्या दुकानात टॉर्चच्या शेजारी मिळतं, ऑनलाइन मिळतं, शिबिरात फुकट मिळतं. कुणी चिठ्ठी मागत नाही. जी मोकळीक मिळवायला अमेरिकेला इतकी वर्षं लागली ती आमच्याकडं पहिल्यापासूनच आहे, आणि तिचं फळ किल्ल्यांच्या डब्यात पडलंय. शिवाय एअरपॉड्सची ती सोय सौम्य-मध्यम कानांसाठी. अण्णांचा कान वरच्या पट्टीत त्याच्या फार पलीकडं गेलेला. एक फायदा मात्र मला दिसतो. नव्या पेठेत आता दहातल्या सहा पोरांच्या कानात काहीतरी असतंच, त्यामुळं कोण बहिरं आणि कोण गाणी ऐकतंय हे ओळखू येत नाही. चष्म्याची लाज कुणाला वाटत नाही आणि मशीनची वाटते, हे कोडं बहुतेक या पोरांकडूनच, त्यांच्या नकळत, सुटणार.

चौथं मशीन जिथं मिळालं तिथं सोफा नाही. दोन खोल्या, एकीत गाद्या लावल्यासारख्या भिंतींची छोटी केबिन. ऑडिओलॉजिस्ट मॅडम तिशीतल्या, मुंबईत शिकून परत आलेल्या. भिंतीवर त्यांच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडच्या नोंदणीचा कागद. तो बघायला हवा हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी अण्णांना केबिनमध्ये बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. पाऊण तास. मग कागद माझ्यासमोर ठेवला: उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या, डावीकडून बऱ्यापैकी सरळ येऊन एकदम विहिरीत उतरल्यासारख्या.

"माग का?" मॅडमनी विचारलं. कागदावरून.

मग शब्दांची चाचणी. त्या आडून मराठी शब्द बोलत होत्या आणि अण्णांनी ते परत म्हणायचे. अण्णा परीक्षेला बसल्यासारखे ताठ. चुकले की माझ्याकडं बघायचे, मी हळूच सांगेन म्हणून. बाहेर आल्यावर म्हणाले, "पेपर अवघड होता."

मॅडमनी बिल दोन भागांत मांडलं. मशीनची जोडी 62,000, त्यावर जीएसटी शून्य, कारण श्रवणयंत्राला तो लागतच नाही. आणि त्याखाली वेगळ्या ओळीत वर्षभराच्या बसवण्याचे 9,000. मी विचारलं, हे वेगळं का? त्या हसल्या. "आधी मीही एकच आकडा सांगायची. आता लोक तपासणी माझ्याकडं करतात, कागदाचा फोटो काढतात, ऑनलाइन मशीन मागवतात आणि दोन आठवड्यांनी तेच मशीन घेऊन माझ्याकडं येतात, की मॅडम, जरा ट्यून करून द्या. काही कंपन्यांची मशीनं कुलूपबंद असतात, माझ्या सॉफ्टवेअरला उघडतच नाहीत. जी उघडतात त्यांचे पैसे सांगितले की म्हणतात, एवढ्याशाचे?"

मला आमच्या गल्लीतले टेलरमामा आठवले. सोलापूर आता शाळेच्या युनिफॉर्मसाठी ओळखलं जातं. इथं शिवलेले कपडे देशभर जातात. पण रेडिमेड आलं तेव्हा याच गावातल्या टेलरांनी डोक्याला हात लावला होता. टेलरमामांचं दुकान बंद पडलं नाही. त्यांनी बाहेर पाटी लावली, 'अल्टर करून मिळेल'. लोक मॉलमधून पाचशेची पँट आणतात आणि बॉटम मारायचे साठ रुपये द्यायला कुरकुरतात. मामा म्हणतात, "पँट कंपनीची हाय. पाय तुझा हाय. पायाचं मापच मी घेतलंय." मी हे मॅडमना सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मी अल्टरवालीच होत चाललेय." म्हणताना हसत होत्या, पण टेबलावरचा कागद उगाच सरळ करत होत्या. त्यांच्यावर खोलीच्या भाड्याचा भार आहे, केबिनच्या कर्जाचा हप्ता आहे. तो हप्ता कुठल्या पतसंस्थेत जातो हे मला माहीत आहे, पण ते इथं लिहायचं नाही.

आणि शिलाई म्हणजे काय असतं ते मी पुढच्या दोन महिन्यांत बघितलं. आधी कानात मऊ लगदा भरून साचा घेतला. पहिल्या दिवशी मशीन लावलं ते मुद्दाम कमी आवाजावर, कारण इतकी वर्षं शांत बसलेल्या मेंदूला एकदम बाजार दाखवायचा नसतो. तरी जिना उतरताना अण्णा दोनदा मागं वळले. "कोण मागं लागलंय?" कुणी नव्हतं. त्यांच्याच चपला होत्या.

घरी आल्यावर आईनं ताट वाढलं. शेंगाचटणी, दही, कडक भाकरी. पहिला तुकडा मोडून तोंडात घातला आणि अण्णांनी दोन्ही हात कानावर नेले. "तोंडात माग सुरू झालाय!" कान साच्यानं बंद झाला की स्वतःचं चावणं, बोलणं आतल्या आत घुमतं, माठात तोंड घालून बोलावं तसं. आठवडाभर ते मशीन काढून जेवले. मॅडमनी दुसऱ्या खेपेला साच्यातलं भोक मोठं केलं. घुमणं कमी झालं, शिट्टी सुरू झाली. तिसऱ्या खेपेला भोक जरा बारीक, वरची पट्टी एका जागी दोन घरं खाली. कानात एक केसासारखी नळी घालून पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतो तेही मोजलं. चौथ्या खेपेला भाकरी जमली. भोक किती मोठं ठेवायचं हे कुठल्या कंपनीच्या कारखान्यात ठरत नाही, कारण तिथं सोलापूरची भाकरी चावून बघायला कुणी नाही.

बॅटरीचाच मॅडमनी आग्रह धरला नाही. चार्जिंगची मशीनंही होती, पण अण्णांनी बारीक बॅटरीची घेतली. नारंगी कागद सोलायचा, मिनिटभर हवा लागू द्यायची, मग घालायची. माझी बोटं घसरतात. चाळीस वर्षं तुटल्या धाग्याला गाठ मारणाऱ्या बोटांना ते काही वाटत नाही. दर आठ-दहा दिवसांनी ते बॅटरी बदलतात तेव्हा आई कौतुकानं बघते.

सगळं चांगलं झालं असं म्हणणार नाही. लग्नात, मांडवात, चार जण एकदम बोलायला लागले की अण्णा अजून हरवतात. मशीनमध्ये आता कृत्रिम बुद्धिमत्ता आलीय, गोंगाटातून बोलणं वेगळं काढणाऱ्या चिपा आल्यात, पण त्या आमच्या 62,000 मध्ये नाहीत. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले, 'हर्र बोला हर्र'चा गजर झाला, तेव्हा त्यांनी मशीनं काढून रुमालात बांधली. आणि 'हो' म्हणायची सवय अजून गेलेली नाही. फरक एवढाच की आता ते कधीकधी 'नाही' म्हणतात.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते पाण्याचं. सोलापुरात तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं आणि कधी येईल त्याचा नेम नसायचा. पाणी यायच्या आधी रिकाम्या पाइपातून हवा येते, तिचा बारीक सूंऽऽ असा आवाज असतो. उंच पट्टीचा, अण्णांच्या त्याच हरवलेल्या पट्टीतला. मार्चमधली गोष्ट, पहाटेचे चार वाजले असतील. अण्णांना झोप कमी, उठून मशीन लावून बसलेले. मला हलवून उठवलं. "पाणी येयलंय."

मी कान दिला. काही नाही. "नाही ओ अण्णा."

"येयलंय. हवा बोलायली."

मी मोरीत जाऊन नळाशी वाकले तेव्हा कुठं ऐकू आलं. तेवढ्यात नळ खोकला आणि पाणी धो धो पडलं. त्या दिवशी गल्लीत सगळ्यात आधी आमची टाकी भरली आणि अण्णांनी सकाळी सगळ्या गल्लीला ते सांगितलं.

त्यातलाच एक श्रोता म्हणजे त्यांचा कारखान्यातला जुना सोबती. पद्मशाली, घरात तेलुगू. मराठी कामापुरती, तीही मागाच्या आवाजात शिकलेली, म्हणजे बरीचशी हातांनीच. अण्णा त्यांना बावा म्हणतात. त्यांचा कान अण्णांपेक्षा वाईट. परवा ते आले, दोघं ओट्यावर बसले. अण्णांनी मशीनं काढून दाखवली, बावांनी एक स्वतःच्या कानात घालून बघितलं. बसेना, साचा अण्णांच्या कानाचा. ते काढून त्यांनी अंगठा-तर्जनी चोळली. किती? अण्णांनी बोटं दाखवली. मी दारातून बघत होते. अण्णांनी निम्मेच सांगितले. बावांनी तरी डोळे मोठे केले. मग बराच वेळ दोघांचे हात चालू होते. मशीनं अण्णांच्या मांडीवर रुमालात, आणि ओट्यावर चकार शब्द नाही. पोटावरून हात फिरला, चिमूट तुटली, दोघं दात दाखवून हसले.

शेवटी बावांनी कानाला हात लावला, ओठांसमोर बोटं उघडझाप केली आणि प्रश्नासारखी भुवई वर केली. ही खूण मला माहीत नव्हती.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

अण्णांनी आधी एक मशीन कानात बसवलं, मग मला परत विचारायला लावलं.

"विचारायलाय, त्या मॅडमला तेलुगू येतं का."